होडी कुजते ती गोड्या पाण्यानं

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून एक युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानात बांधलेल्या या नौकेचं नाव 'ट्रिंकोमाली'. दोनशेहून अधिक वर्षं उलटली तरी ती आजही तरंगते आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथं ती उभी असते आणि ब्रिटनमधली सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका म्हणून लोक ती पाहायला जातात. त्याच देशात, पोर्ट्समथला, तिच्याहून ५२ वर्षांनी थोरली आणि कितीतरी अधिक प्रसिद्ध अशी 'व्हिक्टरी' आहे. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन जिच्यावर होता, तीच ही ओकची नौका. १९२२पासून ती कोरड्या गोदीत आहे. लाटा नाहीत, वादळ नाही, समुद्राचं पाणी तळाला लागत नाही. तरीही तिचं लाकूड कुजत गेलं. बुरशीनं आणि 'डेथवॉच' नावाच्या भुंग्यानं ते इतकं पोखरलं, की २०२२पासून तिच्या मोठ्या दुरुस्तीचं काम सुरू करावं लागलं. ते सुमारे दहा वर्षं चालणार आहे.

यात सागवान आणि ओक हा फरक आहेच. सागवानाच्या अंगातच तेल असतं आणि क्विनोन गटातली काही रसायनं असतात. बुरशी, वाळवी यांना ती मानवत नाहीत. ओकमध्ये टॅनिन असतं आणि ते लोखंडी खिळे खातं. पण लाकडाची जात ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी पाण्याची आहे. कोरड्या गोदीतल्या नौकेला समुद्र लागत नाही, पण पाऊस लागतो. वरच्या डेकच्या सांध्यांतून पावसाचं पाणी झिरपतं, आतल्या तुळयांच्या टोकांशी थांबतं आणि तिथं वारा पोहोचत नाही. म्हणूनच आताच्या दुरुस्तीत आधी नौकेवर छप्पर घातलं गेलं आणि मग फळ्या काढायला सुरुवात झाली.

खारं पाणी लाकडाला खातं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. खारी हवा लोखंड गंजवते, भिंतीचा गिलावा पाडते, मग लाकडाला तरी कशी सोडेल? प्रत्यक्षात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ आवडत नाही. लोणच्यात मीठ ज्या कारणानं घालतात, साधारण तेच कारण इथं लागू होतं. बुरशीला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, ऊब आणि गोडा ओलावा. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी ओलावा असेल, तर बुरशी वाढत नाही. २८-३० टक्क्यांच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यानं पूर्ण भरतात आणि तिथून पुढं तिचं फावतं. पण लाकूड पूर्ण बुडालेलं, पाण्यानं गच्च भरलेलं असेल, तर हवा मिळत नाही आणि बुरशी पुन्हा अडते. म्हणजे होडीचा पाण्याखालचा भाग सहसा कुजत नाही. कुजतो तो वरचा भाग: डेकच्या कडा, फासळ्यांची वरची टोकं, नाळेच्या आतला कोपरा, डोलकाठीचा बुंधा जिथं बसतो ती खोबण. जिथं पावसाचं पाणी शिरतं आणि वारा शिरत नाही, तिथं.

जुन्या दर्यावर्दींना हे बुरशीशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यातून निघणाऱ्या सवयी ठाऊक होत्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जहाजबांधणारे फासळ्यांच्या मधल्या पोकळीत जाड मीठ भरून ठेवत. जुन्या लाकडी बोटी जपणारे आजही डेक धुवायला समुद्राचंच पाणी घेतात, नळाचं नाही. हौसेनं घेतलेली बोट नळाच्या पाण्यानं रोज लख्ख धुणारा मालक आपल्या हातांनीच तिचं आयुष्य कमी करत असतो.

तिसऱ्यांचा भाऊबंद

मग होडी कायम समुद्रातच ठेवावी का? तिथं दुसराच शत्रू बसलेला असतो. त्याचं नाव टेरेडो. इंग्रजीत त्याला जहाजातला किडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. तो शिंपल्यांच्या कुळातला, आपल्या ताटातल्या तिसऱ्यांचा आणि कालवांचा भाऊबंद आहे. फक्त त्याचे दोन शिंपले अंग झाकण्याऐवजी तोंडाशी आकसून कानशीसारखे खरबरीत झालेले असतात आणि मागचं मऊ शरीर अळीसारखं लांबत जातं. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो. नंतर वाढतो तो आतच. बोगदा खणत, खणलेला भुसा खात, बोगद्याच्या भिंतीला चुन्याचं अस्तर लावत तो पुढं सरकतो. लाकूड पचवण्यासाठी लागणारे विकर तो स्वतः सगळे बनवत नाही. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू ते पुरवतात. लाकडात नत्र जवळजवळ नसतंच, तेही हे जिवाणू पाण्यात विरलेल्या नत्रातून मिळवून देतात.

या प्राण्याचं घातक वैशिष्ट्य हे, की बाहेरून काही दिसत नाही. फळीवर बारीक ठिपके, आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी. १५०३ साली कोलंबसच्या चौथ्या सफरीतली जहाजं टेरेडोनं अशी चाळण करून टाकली, की त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि सुटकेची वाट पाहत तो वर्षभर तिथं अडकून पडला. उलट उदाहरण स्टॉकहोमचं. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेली 'वासा' ही नौका १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढता आली, कारण त्या भागात बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं आहे, की तिथं टेरेडो टिकत नाही.

इथं खरा पेच लक्षात येतो. टेरेडोला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात तो मरतो. बुरशीला गोडं पाणी लागतं, खाऱ्या पाण्यात ती रेंगाळते. लाकडी होडी या दोघांच्या मध्ये सापडलेली असते. तिची देखभाल म्हणजे एकाला चुकवताना दुसऱ्याच्या तावडीत न जाण्याची कसरत. कोकण किनाऱ्यावर वर्षाचं जे वेळापत्रक पिढ्यान् पिढ्या पाळलं गेलं, ते या कसरतीचंच वेळापत्रक आहे.

पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीवर कायद्यानं बंदी असते. पण हा कायदा येण्याआधीही उधाणाच्या समुद्रात कुणी होडी घालत नसे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा पाण्यात जात. मधले आठवडे फळीच्या बाहेरच्या थरात शिरलेल्या टेरेडोला उपाशी मारतात. मात्र त्यासाठी 'आठवडे'च लागतात, दोन-चार दिवस नव्हेत. पाणी वाईट लागलं, की हा प्राणी भोकाच्या तोंडाशी दोन छोटी झडपं लावून घेतो आणि आत कितीतरी दिवस तग धरतो. शनिवार-रविवार होडी वाळूवर काढली आणि टेरेडो मेला, असं होत नाही.

पण हेच आठवडे भर पावसाचे, म्हणजे बुरशीचे. म्हणून ओढलेल्या होडीवर विणलेल्या झावळ्यांचे झाप शाकारत. झापाची खुबी अशी, की तो पाऊस अडवतो, पण वारा अडवत नाही. आता त्याच्या जागी निळी प्लास्टिकची ताडपत्री आली. ती स्वस्त आहे, दरवर्षी विणावी लागत नाही आणि एक थेंबही आत येऊ देत नाही. आतला ओलावाही ती बाहेर जाऊ देत नाही. होडीच्या काठांना घट्ट दोरीनं बांधलेल्या ताडपत्रीखाली जून-जुलैची दमट, उबदार हवा कोंडते. सकाळी आतून हात फिरवला तर दवासारखं पाणी लागतं. बुरशीसाठी याहून चांगली खोली बांधायची म्हटलं तरी जमणार नाही. ताडपत्री घालायला हरकत नाही. फक्त ती बांबूच्या कण्यावर उंच ताणावी, दोन्ही टोकं उघडी ठेवावीत आणि होडीच्या तळातलं बूच काढून ठेवावं. तळात साठलेलं पावसाचं पाणी हा वर्षभरातला सर्वांत मोठा धोका असतो आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही.

होडी कशी टेकवली, हेही महत्त्वाचं. समुद्र तिला सगळ्या अंगानं उचलून धरतो. जमिनीवर ती चार-सहा ओंडक्यांवर बसते आणि मधला भाग हळूहळू खचतो. 'व्हिक्टरी'चं नेमकं हेच झालं. १९२०च्या दशकात तिला २२ पोलादी आधारांवर बसवलं होतं. शतकभरात ती त्यांच्यावर दबली. आता तिच्याखाली १३४ टेकू आहेत आणि प्रत्येकावर किती भार येतो हे मोजलं जातं. गावच्या होडीला एवढा थाट नको, पण टेकू जास्त आणि कण्याखाली लाकडाची बैठक अखंड असलेली बरी.

गाडीचं चाक आणि होडीची फळी

उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड सुकतं आणि वरची लोखंडी धाव ढिली होते. मग शेतकरी चाक ओढ्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला, की तोही असाच पाण्यात बुडवून ठेवतात. फळीला फळी भिडवून बांधलेली होडी याच तत्त्वावर पाणी अडवते. फळ्यांच्या मधल्या फटीत कापूस ठासलेला असतो, त्यावर तेलात मळलेलं लुकण किंवा राळ असते. पण खरं काम फळी करते. पाण्यात गेल्यावर ती आडवी फुगते, दोन्ही बाजूंनी कापसाला दाबते आणि सांधा मिटतो. लांबीच्या दिशेनं लाकूड जवळजवळ फुगत नाही. जे काही होतं ते रुंदीत आणि जाडीत.

त्यामुळे बरेच दिवस सुकलेली होडी पाण्यात घातल्यावर गळते, यात घाबरण्यासारखं काही नाही. ती दोन-तीन दिवस गळू द्यावी आणि पाणी उपसत राहावं. अनेक नवखे मालक इथंच घोटाळा करतात. कोरड्या होडीच्या फटी रुंद दिसतात म्हणून ते त्यांत कापूस आणि लुकण ठेचून ठेचून भरतात, कधी सिमेंटसारखं कडक होणारं इपॉक्सी भरतात. मग होडी पाण्यात गेली, की फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही. हा जोर साधा नसतो. फासळ्यांतले खिळे उपटतात, कधी फासळीच चिरते. फटीत भरायचं ते दबणारं हवं, ही जुन्या सुतारांची शिकवण भौतिकशास्त्राला धरून आहे.

याच कारणानं जुन्या होडीवर फायबरचा थर चढवण्याच्या उपायाकडे जरा सावधपणे पाहायला हवं. हा उपाय सध्या सगळीकडे सुचवला जातो आणि त्यामागची ओढही समजण्यासारखी आहे: सागवान परवडत नाही, होडीचं काम जाणणारा सुतार मिळत नाही, दरवर्षी कापूस भरायला वेळ नाही. नव्या, नीट सुकवलेल्या, औषध लावलेल्या लाकडावर हा थर चांगला टिकतो. जुन्या होडीचं तसं नसतं. तिचं लाकूड वर्षानुवर्षं भिजत-सुकत आलेलं असतं आणि ते हलायचं थांबत नाही. कडक थर मात्र हलत नाही. कुठंतरी केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि मग बाहेर येत नाही. बाहेरून होडी चकचकीत, आतून फळी ओल्या बिस्किटासारखी. आधी फायबर आणि मग फळी, असा दुहेरी खर्च करण्यापेक्षा खराब झालेल्या तीन-चार फळ्या बदलणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. जिचा तळ सगळाच गेला आहे अशा होडीला फायबरनं आणखी दोन-चार हंगाम मिळू शकतात, हेही खरं. पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

धातूंची कथा आणखी वेगळी आहे. टेरेडोपासून बचाव म्हणून ब्रिटिश आरमारानं १७६१ साली 'अलार्म' या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. टेरेडो शिरला नाही, शेवाळ आणि शिंपले चढले नाहीत. पण दोनेक वर्षांनी पाहणी केली, तर पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांना टेकत होते ते खिळे गंजून गेले होते. काही ठिकाणी पत्र्याखालचा कागद तसाच राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. तांबं, लोखंड आणि खारं पाणी मिळून विजेचा घट तयार होतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो, हे तेव्हा कळायला अवधी होता. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यानं हेच सूत्र उलटं वापरलं. तांबं झिजू नये म्हणून त्यानं त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांबं खरोखर झिजायचं थांबलं. आणि नौकांच्या तळावर शिंपल्यांची पुटं चढली! कारण तांब्याचे झिजून पाण्यात सुटणारे कणच या जिवांना मारत होते. तांबं वाचवलं म्हणजे त्याचं काम बंद केलं. आरमारानं तो प्रयोग गुंडाळला.

डेव्हीचे जस्ताचे तुकडे आज लोखंडी जहाजांवर सर्रास असतात आणि तिथं ते उत्तम काम करतात. लाकडी होडीवर मात्र 'एक चांगला तर चार अधिक चांगले' हा हिशोब चालत नाही. जस्त झिजताना ज्या धातूला ते वाचवतं, त्या धातूभोवती अल्कली तयार होते. समुद्राच्या पाण्यात ती कॉस्टिक सोड्याच्या रूपात असते. कागदाच्या गिरणीत लाकडाचा लगदा करायला हेच रसायन लागतं. म्हणजे बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीच्या लाकडाचा लगदा होतो. होडीच्या आतून बोल्टाभोवती पांढरी, खरासारखी पुटं दिसली, रंग सुटला आणि लाकूड नखानं निघू लागलं, तर जस्त जास्त झालं आहे असं समजावं. उलट लाकूड काळं पडलं आणि खिळ्याचं डोकं हातात आलं, तर लोखंड गंजत आहे. दोन्ही रोगांवर औषधं अगदी उलट आहेत, म्हणून निदान आधी.

निदानासाठी महागडं यंत्र लागत नाही. ओलावा मोजणारी विजेची यंत्रं मिळतात, पण ती खाऱ्या लाकडात फसतात. मिठामुळे वीज सहज वाहते आणि यंत्र लाकूड आहे त्यापेक्षा ओलं दाखवतं. त्यापेक्षा हातोडीच्या मुठीनं फळीवर ठोकत जावं. मडकं घेताना वाजवून पाहतात तसंच. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथं टोचा दाबून पाहावा. चांगल्या लाकडाचा तुकडा लांब धाग्यासारखा सुटतो, कुजलेल्याचा तुकडा सुकलेल्या पावासारखा तुटतो. पाण्याखालच्या फळीत टोच्यामागून पाणी ठिबकलं, तर टेरेडोची शंका घ्यावी.

सुताराचे हात आणि फुप्फुसं

होडीच्या तब्येतीची एवढी चर्चा होते, तिची डागडुजी करणाऱ्याच्या तब्येतीची फारशी होत नाही. खरं तर बुरशी आणि टेरेडो यांना मारणारं जे जे आहे, ते माणसालाही कमी-अधिक लागतंच. सागवानाला टिकाऊ करणारी क्विनोन गटातली रसायनं काही सुतारांच्या त्वचेवर पुरळ आणतात, विशेषतः घामेजलेल्या मनगटांवर आणि मानेवर. आणि कुठल्याही लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. धोका नाकाच्या आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा. रंध्याची जाड सालपटं फारशी श्वासात जात नाहीत. विजेच्या सँडरचं पीठ जातं. साधा रुमाल ते अडवत नाही. बारीक कण अडवणारा एन-९५ मुखवटा अडवतो.

कोकणात लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावण्याची चाल आहे आणि ते कीड रोखतंही. काजू हा बिब्याचा सगोत्र. बिबा उतला, की काय होतं हे जुन्या माणसांना सांगायला नको. काजूच्या टरफलाच्या तेलातही त्याच जातीची दाहक रसायनं असतात. उघड्या हातानं हे तेल चोपडणाऱ्याची कातडी सोलवटते, फोड येतात. हातमोजे घालावेत. जवसाचं तेल त्या मानानं सौम्य, पण त्याचा धोका वेगळाच. त्यात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल हवेशी संयोग पावताना इतकं तापतं, की चिंध्या आपोआप पेट घेतात. काम झालं, की त्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात किंवा पसरून वाळवाव्यात.

जुना रंग खरवडणं हे यातलं सर्वांत धोक्याचं काम. होड्यांच्या जुन्या अस्तरात आणि लुकणात शेंदूर असायचा, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून विक्रीवर लागू झाला. पण होडीवर तीस-चाळीस वर्षांपूर्वी चढलेल्या थरांना हा नियम काय करणार? शिशाची धूळ मोठ्यांना बाधते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याहून अधिक. होड्यांची डागडुजी बहुतेक वेळा घरासमोरच्या वाळूत चालते आणि तिथंच पोरं खेळत असतात. रंग पाणी मारून ओला असतानाच खरवडावा, खाली जुनं कापड अंथरून कपटे गोळा करावेत, ब्लो-टॉर्चनं जाळू नयेत आणि कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. तळाला लावलेल्या जुन्या रंगात ट्रायब्युटिल टिन असण्याचीही शक्यता असते. या रसायनानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, फ्रान्समधल्या कालवांची शेती संकटात आली आणि शेवटी २००१च्या आंतरराष्ट्रीय करारानं ते बंद झालं. करार २००८पासून अमलात आहे. आज तळाला मिळतात ते बहुतेक तांब्याच्या ऑक्साइडचे रंग. तेही खरवडून खाडीत लोटायचे नसतात.

आणखी एक गोष्ट, जी चुलीशी संबंधित आहे. लाकडाला टेरेडोपासून वाचवण्यासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाखाली मुरवण्याची पद्धत गेल्या शतकात जगभर वापरली गेली आणि ती परिणामकारकही आहे. असं लाकूड हिरवट छटेवरून ओळखता येतं, पण जुनं झाल्यावर ती छटा उडते. होडीची काढलेली फळी सरपण म्हणून चुलीत जाणं आपल्याकडं अगदी स्वाभाविक. आर्सेनिक मुरवलेली फळी जाळली, तर काही विष धुरातून जातं आणि बाकीचं राखेत उरतं. ती राख भांडी घासायला किंवा परसातल्या अळवाला गेली तर घरात येतं. औषध मुरवलेलं किंवा रंगाचे थर चढलेलं होडीचं लाकूड चुलीत घालू नये, बंबातही नाही.

मग रोजच्या देखभालीत नेमकं काय उरतं? डेकवर खाऱ्या पाण्याची बादली, तळात साठलेलं पावसाचं पाणी त्याच दिवशी उपसणं, झाकणं उघडी ठेवून वारा खेळू देणं, रंगाला टवका गेला तर तो आठवडाभरात भरणं. टेरेडोच्या पिल्लाला तेवढाच टवका पुरतो. आणि हंगाम सुरू होताना, होडी पाण्यात गेल्यावर, पहिल्या चार दिवसांत रोज किती बादल्या पाणी उपसलं हे मोजून ठेवणं. पहिल्या दिवशी तीस, दुसऱ्या दिवशी वीस, मग आठ, मग तीन असा उतार दिसला, तर फळ्या फुगून सांधे मिटत आहेत. चौथ्या दिवशीही आकडा तिसावरच राहिला, तर होडी पुन्हा वाळूवर ओढावी आणि कण्याला लागून असलेली पहिली फळी आधी तपासावी. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.